आजीने धरलेला हात

मुलीने खेळात नाव काढले की वर्तमानपत्रात पदकासह तिचे छायाचित्र येते. पण पहिल्या दिवशी तिचा हात धरून तिला तेथे कोणी नेले, हे क्वचितच छापून येते. म्हणून आज आम्ही एका आजीपासून सुरुवात करतो.

रशियात, सायबेरियामध्ये ओम्स्क नावाचे शहर आहे. मॉस्कोपासून दोन हजार किलोमीटरहून दूर. २ एप्रिल १९९० रोजी तेथे येव्हगेनिया कानायेवा हिचा जन्म झाला. तिची आई स्वेतलाना स्वतः रिदमिक जिम्नॅस्टिक्समधील तरबेज खेळाडू. परंतु सहा वर्षांच्या नातीला या खेळाच्या वर्गात नेले ते आजीने. आजीला या खेळाची भारी आवड होती.

हा खेळ पाहायला नाच, पण करायला कठीण कसरत. तेरा मीटर लांब-रुंद जागा, सव्वा ते दीड मिनिटाचा वेळ, सोबत संगीत, आणि हातात हूप, चेंडू, दोन छोटी मुदगले किंवा सहा मीटर लांबीची फीत. फीत उंच फेकायची, खाली गिरकी घ्यायची आणि नेमकी झेलायची. फितीला गाठ पडली की गुण गेले! अशा खेळात एकेक हालचाल अंगवळणी पडायला वर्षे लागतात.

ओम्स्कमध्ये व्हेरा श्टेलबाउम्स यांनी तिला घडवले. २००३ साली जपानमध्ये एऑन चषक स्पर्धेत ती कनिष्ठ गटात पहिली आली. त्यानंतर इरिना व्हिनेर या नामांकित प्रशिक्षिकेने तिला मॉस्कोजवळच्या नोव्होगोर्स्क येथील राष्ट्रीय केंद्रात बोलावले. परंतु तिच्या पुढे मोठी रांग होती. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये सुवर्ण अलिना काबायेवाने आणि रौप्य इरिना चाश्चिनाने मिळवले होते. दोघीही रशियाच्या, आणि चाश्चिना तर ओम्स्कचीच, श्टेलबाउम्स यांचीच शिष्या! अशा वेळी एखादी मुलगी खचली असती. येव्हगेनिया सराव करीत राहिली.

२००७ साली बाकू येथे युरोपीय स्पर्धा होती. काबायेवा जखमी झाली आणि ऐनवेळी सतरा वर्षांच्या येव्हगेनियाला उतरवण्यात आले. तिने फितीच्या प्रकारात सुवर्णपदक जिंकले! पुढच्याच वर्षी बीजिंग ऑलिंपिकमध्ये दुसऱ्या क्रमांकापेक्षा तीन गुणांहून अधिक आघाडी घेऊन ती विजेती ठरली. २००९ मध्ये जपानमधील मिए येथे जागतिक स्पर्धेतील सहापैकी सहा सुवर्णपदके तिने मिळवली. २०१२ मध्ये लंडनला पुन्हा ऑलिंपिक सुवर्ण. वैयक्तिक सर्वंकष प्रकारात दोनदा ऑलिंपिक सुवर्ण जिंकणे आजवर दुसऱ्या कोणालाही जमलेले नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस, बाविसाव्या वर्षी, तिने खेळाचा निरोप घेतला.

काहीजण म्हणतील, तिचे नशीब उघडले. आम्हाला तसे वाटत नाही. दुसरीला दुखापत झाली म्हणून दार उघडले असेल. पण त्या दारातून आत जाण्याची तयारी तिने अकरा वर्षे केली होती.

आपल्याकडे मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की, ‘आता पुरे झाला खेळ,’ असे घरातूनच म्हटले जाते. येव्हगेनिया जपानमध्ये जिंकली तेव्हा ती नेमकी तेरा वर्षांची होती. भगिनींनो, तुमच्या घरातील मुलगी उद्या खेळायला निघेल, तेव्हा तिला थांबवण्यापूर्वी ओम्स्कच्या त्या आजीची आठवण ठेवा, एवढेच आमचे सांगणे आहे.