सेकंडहँड पिकअपला जादा पाटे मारताय? थांबा, आधी हा हिशेब वाचा!

गेल्या महिन्यात माझ्या मामेभावाने व्हॉट्सॲपवर एका जुन्या पिकअपचा फोटो पाठवला. तो राहतो पनवेलजवळच्या कोनमध्ये. फोटोखाली एकच ओळ होती : ‘गाडी चांगली आहे, मागे दोन पाटे वाढवतो आणि मोठे टायर टाकतो. तू इंजिनीअर आहेस, सांग, बरोबर ना?’

बरोबर नाही, हे माझं उत्तर त्याला आवडलं नाही. कदाचित तुम्हालाही आवडणार नाही. पण सेकंडहँड पिकअपवर पोट चालवायचं असेल, तर पाटे आणि टायर यांचा हिशेब गाडी घेण्याआधीच करायला हवा. नंतर केलेला हिशेब महाग पडतो.

कोनमध्येच हा प्रश्न का?

नकाशा बघा. जुना मुंबई-पुणे रस्ता कोनमधून जातो. पळस्पे फाट्यावरून गोव्याचा रस्ता सुटतो. एका बाजूला कळंबोलीचा लोखंडबाजार, दुसरीकडे रसायनी-पाताळगंगाचे कारखाने, पलीकडे उरण आणि बंदर. विमानतळामुळे सगळ्या तालुक्यात बांधकामं सुरू आहेत. कोनमध्येच गिरणी कामगारांसाठी २०१६ च्या सोडतीतली २,४१७ घरं आहेत. सिमेंट, सळई, टाइल्स, भाजी, घरसामान, सगळं पिकअपवर चालतं. ज्यांची शेती गेली किंवा कमी झाली, त्या घरांतल्या तरुणाला रोजगाराचा सोपा मार्ग दिसतो तो हाच. नवी गाडी परवडत नाही, मग जुनी घ्यायची.

जुनी गाडी घेण्यात काहीच चूक नाही. चूक होते ती पुढच्या पायरीवर. गाडी दीड टनाची असते आणि धंदा अडीच टनाचा मागितला जातो. मग गॅरेजवाला म्हणतो, ‘दोन पाटे वाढवून देतो, बसणार नाही गाडी.’ गाडी खरंच बसत नाही. म्हणून आपल्याला वाटतं, तिची ताकद वाढली.

पाटे वाढवल्याने नेमकं काय होतं?

पिकअपच्या मागच्या ॲक्सलवर लीफ स्प्रिंग असतात, त्यांनाच आपण पाटे म्हणतो. साधं गणित असं : एकाच जाडीचे सहा पाटे असतील आणि सातवा टाकला, तर कडकपणा साधारण १७ टक्के वाढतो. पण जाडी वाढवली तर परिणाम घनाच्या पटीत होतो. ८ मिलिमीटरऐवजी १० मिलिमीटरचे पाटे टाकले, तर कडकपणा जवळपास दुप्पट. म्हणजे तेवढ्याच ओझ्याला गाडी निम्मीच दबते.

इथेच फसगत आहे. पाटा ओझं कमी करत नाही, फक्त दबणं लपवतो. ओझं पुढे जातंच : ॲक्सलवर, व्हील बेअरिंगवर, टायरवर, ब्रेकवर आणि ज्या ब्रॅकेटला पाटे जोडलेले असतात त्या चेसीवर. यातलं काहीही आपण बदललेलं नसतं. पूर्वी खड्ड्याचा जो धक्का पाट्यात जिरायचा, तो आता थेट चेसीला बसतो. म्हणून अशा गाड्यांच्या चेसीला ब्रॅकेटजवळ तडे दिसतात आणि त्यावर वेल्डिंगचे थर.

ब्रेकचं गणित तर अजून सरळ आहे. भरलेल्या गाडीचं वजन २,८०० किलोऐवजी ३,५०० किलो झालं, तर त्याच वेगातून थांबताना ब्रेकला २५ टक्के जास्त ऊर्जा उष्णतेच्या रूपात जिरवावी लागते. बोरघाट उतरताना हा फरक लायनरच्या जळक्या वासाने कळतो. कधी कधी त्याहून वाईट रीतीने कळतो.

एक गोष्ट गॅरेजमध्ये सहसा कुणी सांगत नाही

अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकसाठी एक व्हॉल्व्ह असतो. तो चेसीवर बसवलेला असतो आणि एका दांडीने मागच्या ॲक्सलला जोडलेला असतो. गाडी भरली की मागचा भाग खाली दबतो, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. गाडी रिकामी असेल तर कमी दाब देतो, म्हणजे मागची चाकं लॉक होत नाहीत.

आता जादा पाटे मारा. गाडी भरली तरी दबत नाही. व्हॉल्व्हला वाटतं, गाडी रिकामीच आहे. सर्वांत जास्त वजन असताना मागच्या चाकांना सर्वांत कमी ब्रेक! सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो आणि थांबण्याचं अंतर वाढतं. ज्या बदलाला आपण ‘मजबुती’ म्हणतो, तो इथे ब्रेक कमी करतो. तुमच्या गाडीत हा व्हॉल्व्ह आहे का, हे मागच्या ॲक्सलखाली वाकून बघा. असेल, तर पाट्यांचं कोणतंही काम झाल्यावर त्याचं सेटिंग कंपनीच्या मापाप्रमाणे करून घ्या.

मोठे टायर : दिसायला रुबाब, चालायला तोटा

उदाहरण घेऊ. २१५/७५ आर १५ या टायरचा व्यास साधारण ७०३ मिलिमीटर असतो. त्याऐवजी २३५/७५ आर १५ टाकला, तर व्यास होतो ७३३ मिलिमीटर. गाडी उचलली जाते फक्त १५ मिलिमीटर, म्हणजे बोटभर. पण चाकाचा घेर चार टक्क्यांनी वाढतो. स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा खरा वेग साडेबासष्टच्या आसपास असेल. चढावर इंजिन तेवढं जास्त ओढेल, क्लच जास्त घासेल. टायर वळताना मडगार्डला लागला तर तो खर्च वेगळा.

पैसे खर्च करायचेच असतील तर टायरच्या मापापेक्षा त्याच्या कुवतीकडे बघा. टायरच्या बाजूला मापानंतर एक आकडा असतो. उदाहरणार्थ १०४/१०१. यातला १०४ म्हणजे एकेरी लावलेला टायर ९०० किलो पेलतो आणि १०१ म्हणजे जोडटायर असेल तर प्रत्येकी ८२५ किलो. कंपनीने दिलेलं माप तेच ठेवून, त्याच कुवतीचा किंवा तिच्याहून जास्त कुवतीचा चांगला टायर घेणं शहाणपणाचं.

जुन्या गाडीवरच्या टायरचं वयही तपासा. ‘डीओटी’ या अक्षरांच्या ओळीत शेवटचे चार आकडे असतात. २३२१ असेल तर २०२१ मधला २३ वा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसली, तरी बाजूला बारीक भेगा असतील तर टायर बदलण्याचे पैसे किमतीतून वजा करा. नियमाप्रमाणे नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की कंपनीने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी आरसीवरचा तपशील जुळणार नाही असा बदल मालकाने गाडीत करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. मालवाहू गाडीच्या नोंदणीत एकूण वजनाबरोबर टायरची संख्या आणि माप, तसंच प्रत्येक ॲक्सलवरचं वजनही लिहिलेलं असतं. म्हणजे हौशी जीपवाल्यासाठी जो ‘लूक’ आहे, तो पिकअपवाल्यासाठी थेट नोंदणीचा प्रश्न आहे.

परवानगीशिवाय असे सुटे भाग बसवून बदल केला तर कलम १८२ अ प्रमाणे प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ओव्हरलोडसाठी कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये. समजा, जादा मालामुळे एका फेरीत तुम्हाला ३०० रुपये जास्त मिळतात. तर एक दंड म्हणजे ६७ फेऱ्यांची जादा कमाई गेली.

विम्याचंही तसंच. ओव्हरलोड गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा ‘नॉन-स्टँडर्ड’ धरून जास्तीत जास्त ७५ टक्के देण्याचा निकष सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या अमलेंदु साहू खटल्याच्या निकालात नमूद आहे. कर्जाचा हप्ता मात्र १०० टक्केच भरावा लागतो.

मग जुनी पिकअप घ्यायची तरी कशी?

मामेभावाबरोबर मी तीन गाड्या बघितल्या. त्यातून तयार झालेली ही यादी :

• गाडी रिकामी करून काट्यावर न्या. आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन असतं. काट्यावर ते शंभर-दीडशे किलो जास्त भरलं, तर जादा पाटे, जाड पत्रा, लोखंडी पिंजरा यांनी आधीच तुमची माल नेण्याची जागा खाल्ली आहे. एकूण वजनातून रिकामं वजन वजा केलं की उरतं तेच तुमचं भाड्याचं वजन. काट्याची पावती म्हणजे सर्वांत स्वस्त तपासणी.

• सपाट जागेवर मागून बघा. गाडी एका बाजूला झुकली आहे का? दोन्ही बाजूंचे पाटे मोजा. संख्या किंवा जाडी वेगळी असेल तर कुणीतरी जुगाड केलेलं आहे.

• चेसीवर ताजा काळा रंग दिसला तर सावध व्हा. पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ वेल्डिंग शोधा. उरण-करंजाकडची मासळी वाहिलेली गाडी असेल तर बर्फाचं खारं पाणी चेसीत मुरलेलं असतं. हातोडीने हलकेच ठोका, पापुद्रे सुटले तर परत फिरा.

• टायरची झीज वाचा. एकाच कडेला झीज म्हणजे अलाइनमेंट किंवा पुढच्या चाकांच्या जोडणीत दोष.

• कागद. परिवहनच्या पोर्टलवर फिटनेस, विमा, टॅक्स आणि थकीत ई-चलान बघा. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस लागतं, हे खर्चात धरा. फायनान्सचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि एनओसी मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. चेसी नंबर स्वतः वाचून आरसीशी जुळवा.

• नाव बदला, लगेच. फॉर्म २९ आणि ३० भरून घ्या, विमाही १४ दिवसांत नावावर करण्यासाठी अर्ज करा. विकणाऱ्यानेही हे लक्षात ठेवावं : आरसीवर ज्याचं नाव तोच कायद्याने मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात स्पष्ट केलं आहे. गाडी विकून मोकळे झालो, असं होत नाही.

पैसे कुठे घालायचे?

सस्पेन्शनवर खर्च कराच, पण वाढवण्यासाठी नको, पूर्वपदावर आणण्यासाठी करा. झिजलेले बुश आणि शॅकल पिन बदला. शॉकअप गळत असतील तर जोडीने बदला. तुटका किंवा सरळ झालेला पाटा कंपनीच्याच मापाचा घ्या आणि दोन्ही बाजूंना एकसारखं काम करा. यू-बोल्ट नवे घ्या, माल भरून थोडे दिवस चालवल्यावर पुन्हा आवळून घ्या. लायनर, ब्रेक ऑइल, व्हील बेअरिंग तपासा. मग अलाइनमेंट. हे सगळं झालं की जुनी गाडीही नव्यासारखी वळते आणि थांबते.

आणि धंदा खरंच अडीच टनांचा असेल, तर अडीच टनांची गाडी बघा. चालवण्याचा परवाना हे कारण आता सांगता येत नाही. एकूण वजन ७,५०० किलोंपेक्षा कमी असलेली मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही परवान्यावर चालवता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे. थोडी जुनी पण मोठी गाडी, ही छोट्या गाडीला पाटे मारण्यापेक्षा केव्हाही बरी.

दोष फक्त पिकअपवाल्याचा नाही

हे सगळं लिहिताना मला एक गोष्ट टोचते. पाटे हौसेने कुणी मारत नाही. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचं काम २०११ मध्ये सुरू झालं, त्यानंतर किती पावसाळे त्या रस्त्यावर पाटे तुटले, हे तिथून जाणारा प्रत्येक जण सांगेल. माल भरणारा व्यापारी फेरीचे पैसे देतो, वजनाचे नाही. ‘तू नाही नेलंस तर दुसरा नेईल,’ हे वाक्य प्रत्येक डेपोत ऐकू येतं.

कलम १९४ नीट वाचलं तर त्यात फक्त चालक नाही. जो ओव्हरलोड गाडी चालवायला लावतो किंवा चालवू देतो, तोही त्यात येतो. पण पावती फाटते ती रस्त्यावर सापडलेल्या ड्रायव्हरच्याच नावाने. माल जिथे भरला जातो तिथेच काटा असावा आणि वजनाची पावती घेतल्याशिवाय गाडी बाहेर पडू नये. हे झालं तर जादा पाट्यांची गरजच उरणार नाही. फिटनेसच्या तपासणीतही दिवे आणि हॉर्नइतक्याच गांभीर्याने पाटे मोजले जावेत.

मामेभावाने शेवटी तिसरी गाडी घेतली. पहिल्या दोन्हींपेक्षा जुनी, रंग उडालेली, पण पाटे मूळचे आणि चेसी कोरी. राहिलेल्या पैशांत चार टायर, शॉकअप आणि ब्रेकचं काम झालं. परवा त्याचा फोन आला. एका डेपोवाल्याने जादा गोणी भरायला सांगितल्या, तो नाही म्हणाला, फेरी गेली. तो वैतागला होता.

त्याला काय उत्तर द्यायचं, हे मला लगेच सुचलं नाही. गणित त्याच्या बाजूने होतं, त्या दिवसाची कमाई नव्हती. हा फरक भरून काढायचं काम एकट्या पिकअपवाल्यावर सोडलं, तर रस्त्यावर जादा पाट्यांच्या गाड्या वाढतच राहतील. आणि घाटात त्यांच्या पुढे कदाचित तुमची गाडी असेल.