भीतीला शहाणपण म्हणू नका

संत गोन्सालो गार्सिया यांचा सण आपण वसईकर थाटाने साजरा करतो. त्याच मिस्सेहून परतलेला मुलगा 'मला धर्मगुरू व्हायचे आहे' असे म्हणाला, की मात्र आईबापांचे चेहरे उतरतात. 'आधी नोकरीचे बघ, मग पाहू.' हे 'मग' बहुधा उजाडतच नाही. याला आपण दूरदृष्टी म्हणतो. माझ्या मते ती निव्वळ भीती होय.

गोन्सालोंचा तर व्यापारात जम बसला होता. तो सोडून ते मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाले, १५९३ साली दुभाषी म्हणून जपानला गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर मेले. अशा माणसाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावायची आणि पोटच्या पोराचे पाचारण दाराशीच अडवायचे, हा कुठला न्याय?

आम्ही धर्मगुरूही निर्दोष नाही. 'भिऊ नका' एवढे सांगून आम्ही वेदीवरून उतरतो. गेथशेमनी बागेत खुद्द प्रभू व्याकूळ झाला, प्याला टळावा म्हणून त्याने विनवणी केली, आणि मग उठून तो सामोरा गेला. हे तरुणांना का सांगू नये? सेमिनरीतील पहिल्या रात्री मी स्वतः पहाटेपर्यंत जागा होतो. पेटीचे कुलूपही काढले नव्हते.