पडद्याआडचा वर्ग

मार्च २०२० च्या मध्यास कोरोनाच्या साथीमुळे महाराष्ट्रातील शाळांना कुलपे लागली. ती लावणे त्या वेळी अपरिहार्य होते, याविषयी वाद नाही. वाद आहे तो शाळा बंद असली तरी शिक्षण सुरूच आहे, या समजुतीविषयी. हे शिक्षण नेमके कोणाचे सुरू होते?

या प्रश्नाचे उत्तर शासनाच्या दप्तरी आधीच नोंदलेले होते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ मधील फेरीनुसार देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी अवघ्या ४.४ टक्के कुटुंबांत संगणक होता आणि १४.९ टक्के कुटुंबांत इंटरनेटची सोय होती. शहरांत हेच प्रमाण अनुक्रमे २३.४ व ४२ टक्के होते. पुढे स्मार्टफोन वाढले, हे खरे. 'असर' पाहणीप्रमाणे २०२० साली ग्रामीण विद्यार्थ्यांपैकी ६१.८ टक्क्यांच्या घरी तो होता. परंतु घरात फोन असणे आणि तो मुलाच्या हाती असणे, या भिन्न गोष्टी होत. एकुलता एक फोन कामावर जाणाऱ्या वडिलांच्या खिशात जाई आणि तो परते तेव्हा तास केव्हाच संपलेला असे.

सह्याद्री वाहिनीवरील 'टिलीमिली' मालिका, वाडीवस्तीवर जाऊन मुलांना शिकविणारे शिक्षक, हे सारे प्रयत्न स्तुत्यच होते. तथापि व्यक्तीच्या तळमळीने व्यवस्थेची उणीव भरून निघत नाही. ग्रामीण भारतात दुसरीचा उतारा वाचू शकणारी तिसरीतील मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती. २०२२ मध्ये ती २०.५ टक्क्यांवर आली.

कष्टकऱ्यांच्या करातून उभ्या राहिलेल्या शिक्षणाचा लाभ वरिष्ठ वर्गांनाच मिळतो, अशी तक्रार जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडली होती. साधने बदलली, तक्रार मात्र शिळी झाली नाही. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क राज्यघटनेने दिला आहे. पाठ्यपुस्तक मोफत आणि धडा मात्र रिचार्जच्या पैशांवर, ही त्या हक्काची थट्टा आहे. पुस्तकाप्रमाणेच साधनही शाळेने द्यावे, आणि मागे पडलेल्या मुलांसाठी शिक्षकांना पुरेसा वेळ व मनुष्यबळ मिळावे. साथ ओसरली म्हणून हे देणे फिटलेले नाही.