अश्वशक्तीचा मोह आणि पंख्याचे गणित

नोव्हेंबर २०१८ मध्ये आंध्र प्रदेशात कृष्णा नदीच्या पात्रात फॉर्म्युला वन पॉवरबोटींची शर्यत झाली. अशा शर्यतीत लक्ष वेधून घेते ती इंजिनांची गर्जना. विज्ञानाचा खरा धडा मात्र पाण्याखालच्या पंख्यात, म्हणजेच प्रोपेलरमध्ये दडलेला असतो.

इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल आणि गिअरचे गुणोत्तर २:१ असेल, तर प्रोपेलर ३,००० फेरे घेतो. त्याची पिच, म्हणजे मुळीच न घसरता एका फेऱ्यात कापले जाणारे अंतर, २१ इंच असल्यास सैद्धांतिक वेग ताशी सुमारे ९६ किलोमीटर येतो. पाण्यातील १० टक्के घसरण वजा जाता ८६ उरतात. पिच वाढवत नेल्याने वेग वाढतच जातो, हा भ्रम होय. भार पेलेनासा झाला की इंजिनाचे फेरेच घटतात. पिच फार कमी ठेवली, तर इंजिन मर्यादेबाहेर धावते. जड नौकेला फेरे अधिक घटवणारा गिअर आणि मोठ्या व्यासाचा प्रोपेलर मानवतो. हलक्या शर्यतनौकेचा हिशेब निराळा असतो.

म्हणूनच बचावनौका केवळ अश्वशक्ती पाहून खरेदी करणे अशास्त्रीय आहे. पूर्ण भार आणि पूर्ण थ्रॉटल असताना इंजिन निर्मात्याने नेमून दिलेल्या फेऱ्यांच्या कक्षेत राहते का, ही चाचणी स्वीकृतीची अट असावी. त्यासाठी फेरेमापक आणि जीपीएस पुरेसे आहेत. पुरातली दहा माणसे चढल्यावर जी नौका प्रवाह कापू शकत नाही, तिची अश्वशक्ती कागदावरच राहते.