भिडे वाड्याच्या स्मारकाची बखर कोण लिहिणार?

बुधवार पेठेत दगडूशेठ गणपतीचे दर्शन घेऊन वळले, की रस्त्यापलीकडे भिडे वाडा दिसायचा. खाली दुकाने, वर मोडकळीला आलेले मजले. तात्यासाहेब भिडे यांच्या याच वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली. तो वाडा आता उरलेला नाही.

तिथे राष्ट्रीय स्मारक करायचे, असा ठराव पुणे महापालिकेने २००६ मध्ये केला. भूसंपादनाचा वाद न्यायालयात गेला आणि वर्षानुवर्षे रेंगाळला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल महापालिकेच्या बाजूने लागला. ३ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. ४ डिसेंबरच्या रात्री पोलिस बंदोबस्तात वाडा पाडला गेला. २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे स्मारकाची पायाभरणी केली.

महापालिकेची मुदत मात्र मार्च २०२२ मध्येच संपली होती. निकाल लागला, वाडा पडला, पायाभरणी झाली, तेव्हा कारभार प्रशासकाकडे होता. पेठेने निवडून दिलेला एकही नगरसेवक त्या वेळी सभागृहात नव्हता. त्यामुळे या निर्णायक टप्प्यांवर लोकप्रतिनिधी काय बोलले, हे सभेच्या इतिवृत्तात शोधूनही मिळणार नाही.

वेळीच नोंद झाली नाही की काय होते, हे या शाळेनेच दाखवले आहे. ती नेमकी कोणत्या तारखेला सुरू झाली, यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही. फुले यांच्या विचारांच्या अभ्यासात आयुष्य घालवलेले प्रा. हरी नरके सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाच्या तीनच महिने आधी, ऑगस्ट २०२३ मध्ये गेले. अशी माणसे जातात, तेव्हा त्यांच्या आठवणीही जातात.

म्हणून स्मारकाची बखर लिहिण्याचे काम पेठेच्या नगरसेवकाने अंगावर घ्यावे. त्यात स्मारकाची मागणी करणाऱ्या आंदोलकांचे मोर्चे यावेत, तसे पिढीजात दुकान सोडावे लागलेल्या भाडेकरूंचे म्हणणेही यावे. निविदा, खर्च, रखडलेले महिने, काहीच वगळू नये. पाने दर महिन्याला लोकांसमोर ठेवावीत.

जवळच अप्पा बळवंत चौकात दर जूनला मुली शाळेची पुस्तके घ्यायला येतात. त्यांच्यासाठी ही बखर स्मारकातच वाचायला ठेवावी. ज्यांच्या घरी भिडे वाड्याचे जुने छायाचित्र, नोटीस किंवा भाडेपावती असेल, त्यांनी त्याची प्रत या कामासाठी जरूर द्यावी.