फटफटीवरून घरीं

सुटी लागली म्हणजे वडील आम्हांस वसतिगृहांतून नेण्यास फटफटी घेऊन पुण्यास येतात. तेव्हां त्यांस आमची एकच विनंती असते: साताऱ्यास हमरस्त्यानें न जातां दिवेघाटानें चलावें. मातोश्रींच्या मतें हा शुद्ध रिकामटेकडेपणा होय. सुमारें ११० किलोमीटरांचा सरळ मार्ग सोडून वळसा कां घ्यावा, हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे. परंतु हमरस्त्यावर मालमोटारींच्या गर्जनेंत मागें बसलेल्याचा शब्द पुढें पोहोंचत नाहीं. आणि घरीं गेल्यावर वडिलांस बोलण्यास सवड कोठें असते?

या वाटेनें बोलणें होतें. सासवडास कऱ्हा, पुढें जेजुरीचा गड. नीरेच्या कांठीं तर उतरलेंच पाहिजे. आषाढीस पंढरीला जातांना माउलींच्या पादुकांस येथेंच स्नान घडतें. येथें वडिलांस आपल्या आजीची वारी आठवते. या पालखीमार्गाच्या रुंदीकरणाची पायाभरणी २०२१ सालीं झाली. वारकऱ्यांस ऐसपैस रस्ता हवाच, त्याविषयीं आमची तक्रार नाहीं. मात्र जेथले जुने वड गेले, तेथें थांबून ‘येथें सावली होती’ असें सांगणारें माणूस बरोबर असावें लागतें.

लोणंदास तो मार्ग सोडला म्हणजे खरी आडवाट लागते. सालप्याचा घाट आम्ही मुद्दाम सावकाश चढतों. वाठार स्टेशनावर चहा होईतों दिवे लागलेले असतात. घरीं उशिराबद्दल बोलणीं बसतात, तीं बापलेकांस मिळून; आणि आम्ही दोघेही निमूटपणें ऐकून घेतों.