नशा कोणतीही असो, तपासणी पक्की हवी

पत्रादेवीहून पेडण्यात आणि दोडामार्गाहून डिचोलीत रात्री उतरणारी वाहने शुद्धीवरच्या माणसांच्या हाती असतात का? हरमल-मोरजीहून परतणाऱ्या गाड्यांबद्दलही हाच प्रश्न आहे.

दारूपुरती कायद्याने रेघ आखली आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त मद्य सापडले की गुन्हा झाला. गांजाला अशी रेघ नाही. नशेमुळे चालकाला वाहनावर नीट ताबा ठेवणे अशक्य झाले होते, हे पोलिसांनी सिद्ध करायचे. लघवीत गांजाचा अंश कित्येक दिवस राहतो. त्यावरून ओढल्याचे कळते, गाडी चालवताना नशा होती की नाही ते कळत नाही.

त्यातच अटकेनंतर दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही, तर कलम २०२ प्रमाणे चालकाला सोडावे लागते. मध्यरात्री केरीच्या वाटेवर पकडलेल्याचे रक्त दोन तासांत कोण घेणार?

म्हणून दिसेल त्या गांजावाल्याला आत टाका, हे आम्हाला मान्य नाही. गांजा बाळगणे हा १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखालचा वेगळा गुन्हा. नुसत्या संशयावर उद्या आपलाच मुलगा नाक्यावर अडवला जाईल.

आमची मागणी साधी आहे. चालकाची चाल, बोलणे, नजर पारखण्याचे शिक्षण पोलिसांना द्या, तपासणीचे चित्रीकरण करा आणि दोन्ही तालुक्यांत रात्री डॉक्टर ठेवा. जत्रेहून पायी परतणाऱ्याला उडवणारा दारू प्यायला होता की गांजा, याने त्या घरचे दुःख कमी होत नाही.